डिग्री नसलेला 'डॉक'

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात शिंपले, खेकडे आणि शेवाळ कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडणार हे मला माहीत आहे. आपल्याकडे चरित्रलेख म्हटला की विश्वेश्वरय्या, टेस्ला, एडिसन ही नावं ठरलेली. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे माझ्याकडूनही तीच अपेक्षा होती. पण या वेळी ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याने एकही मशीन बनवलं नाही, एकही पेटंट घेतलं नाही आणि दोन विद्यापीठांच्या पायऱ्या चढूनही त्याला डिग्री मिळाली नाही. तरीसुद्धा समुद्रात चार हजार मीटर खोल जाणाऱ्या एका रोबोटला आज त्याचं नाव आहे. हे कसं काय, याचंच उत्तर म्हणजे हा लेख समजा.

त्या माणसाचं नाव एडवर्ड फ्लँडर्स रॉब रिकेट्स. मित्रांसाठी एड. जॉन स्टाइनबेकची 'कॅनरी रो' ही १९४५ सालची कादंबरी कोणी वाचली असेल, तर त्यातला 'डॉक' आठवेल. समुद्रकिनाऱ्यावर छोटी प्रयोगशाळा चालवणारा, संगीत ऐकणारा, सगळ्या गल्लीला आपला वाटणारा डॉक. तो डॉक म्हणजेच रिकेट्स. मलाही तो आधी कादंबरीतच भेटला. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत ती मिळाली आणि डॉक खरोखर होऊन गेलेला माणूस आहे हे नंतर कळलं. मग शोधत गेलो, तर कादंबरीतल्या माणसापेक्षा खरा माणूस जास्त मोठा निघाला.

रिकेट्सचा जन्म १४ मे १८९७ चा, शिकागोचा. म्हणजे समुद्राचा आणि त्याचा जन्माने काही संबंध नाही. शाळेनंतर त्याने इलिनॉय राज्यातल्या एका कॉलेजात एक वर्ष काढलं आणि सोडून दिलं. मग टेक्सास, न्यू मेक्सिको इकडे भटकला. कुठे हिशेबनीस, कुठे सर्व्हे करणाऱ्याचा मदतनीस, अशी मिळतील ती कामं केली. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय विभागात भरती झाली. सुटून आल्यावर शिकागो विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायला लागला. मध्येच पुन्हा भटकंतीचा किडा चावला, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून चक्क पायी फिरून आला. १९२२ पर्यंत विद्यापीठात होता, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉपआउट!

पण विद्यापीठातून त्याने एक गोष्ट मात्र पक्की घेतली. तिथे वॉर्डर क्लाइड अ‍ॅली नावाचे प्राध्यापक होते. प्राणी एकेकटे पाहण्याऐवजी ते एकमेकांबरोबर कसे राहतात हे पाहा, हा त्यांचा आग्रह. डार्विननंतर सगळीकडे स्पर्धा आणि झगडा यांचीच चर्चा होती. अ‍ॅली म्हणायचे की एकत्र असण्याने जगणं सोपं होतं, हेही तितकंच खरं आहे. एका मर्यादेपर्यंत गर्दी फायद्याची असते. हा विचार रिकेट्सच्या डोक्यात कायमचा बसला. पदवीचा कागद मिळाला नाही, पण एका चांगल्या मास्तरांकडून बघायची रीत मिळाली. आपल्यातल्या किती जणांना चार वर्षांत तेवढं मिळतं, ते ज्याने त्याने ठरवावं.

१९२३ साली लग्न झालेला, घरात बाळ असलेला हा पोरगा कॉलेजच्या मित्राबरोबर कॅलिफोर्नियाला पोचला. दोघांनी पॅसिफिक ग्रोव्ह या गावी 'पॅसिफिक बायॉलॉजिकल लॅबोरेटरीज' नावाचा धंदा सुरू केला. धंदा काय, तर शाळा-कॉलेजांना प्राण्यांचे नमुने पुरवणे. अकरावी-बारावीला बायॉलॉजीच्या लॅबमध्ये बरण्यांमधले तारामासे, ऑक्टोपस, खेकडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते कोणीतरी पाण्यात उतरून गोळा केलेले असतात, नीट मारलेले असतात, फॉर्मलिनमध्ये ठेवलेले असतात. ते काम रिकेट्स करायचा. वर्षभरात भागीदार निघून गेला आणि सगळा कारभार एकट्यावर आला. पुढे लॅब शेजारच्या माँटेरे शहरात, सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांच्या रस्त्यावर हलली. खाली लॅब, वर बिऱ्हाड. पैसा कधी फार आला नाही. जो आला तोही टिकला नाही.

या धंद्यात टिकायचं तर ओहोटीचं टाइमटेबल पाठ हवं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात. एकीत पाणी थोडं उतरतं, दुसरीत खूप. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आपल्याकडे ज्याला उधाण म्हणतात त्या दिवसांत, पाणी सगळ्यात खाली जातं. तिथे वसंतात आणि उन्हाळ्यात ही मोठी ओहोटी पहाटे येते. म्हणजे रात्री कितीही गप्पा झाल्या तरी पहाटे अंधारात गमबूट घालून, बादल्या घेऊन खडकांवर हजर! आठच्या लेक्चरला उठताना आपली जी अवस्था होते ती आठवा आणि मग या माणसाने हे जवळजवळ पंचवीस वर्षं केलं हे लक्षात घ्या.

रोज त्याच खडकांवर जाता जाता त्याला एक गोष्ट दिसायला लागली. खडकावर पट्टे असतात. सगळ्यात वरती, जिथे फक्त लाटेचे शिंतोडे पोचतात, तिथे बारीक गोगलगायी आणि थोडे बार्नकल. बार्नकल म्हणजे खडकाला कायमचे चिकटलेले शंकूच्या आकाराचे कवचवाले जीव, बंदरातल्या खांबांवर आणि बोटींच्या तळाला दिसतात तेच. त्याच्या खालच्या पट्ट्यात बार्नकलची दाटी, टोपीसारखे शंख आणि चिवट तपकिरी शेवाळ. त्याच्या खाली काळ्या शिंपल्यांचे थरच्या थर. आणि सगळ्यात खाली, जो भाग महिन्यातून मोजके तासच उघडा पडतो, तिथे केल्पसारखी मोठाली शेवाळं, समुद्रफुलं, सी-अर्चिन, तारामासे, ऑक्टोपस. रिकेट्सने किनाऱ्याचे असे चार पट्टे मानले. कोणता जीव कुठे राहणार हे ठरवणाऱ्या तीन गोष्टी त्याने मांडल्या: लाटांचा मारा किती, तळ कशाचा आहे, आणि ओहोटीत किती वेळ कोरडं राहावं लागतं. तीन व्हेरिएबल आणि त्यावरून अख्ख्या किनाऱ्याचा नकाशा. इंजिनिअरला याहून जवळचं काय असणार?

एक उदाहरण देतो. उघड्या समुद्रावर, जिथे लाटा अक्षरशः आदळतात, तिथल्या खडकांवर त्याला तीन जीव कायम एकत्र दिसायचे. काळे शिंपले, देठावर उभे राहणारे बार्नकल आणि जांभळा-नारिंगी तारामासा. पहिले दोघे लाटेला टक्कर देत जागा धरून बसतात आणि तिसरा त्यांना खात फिरतो. रिकेट्सने या तिघांची संगत नोंदवली. बऱ्याच वर्षांनी रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एक प्रयोग केला. एका खडकावरचे हेच तारामासे उचलून तो लांब फेकत राहिला. तारामासा गेल्यावर शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि १५ जातींवरून संख्या ८ वर आली. १९६६ साली त्याने हे प्रसिद्ध केलं आणि परिसरशास्त्रात 'कीस्टोन' म्हणजे कमानीतल्या मधल्या दगडासारखा प्राणी ही कल्पना पुढे रूढ झाली. पाया काय होता? कोण कोणाबरोबर राहतं हे आधी कोणीतरी नीट पाहिलेलं होतं.

आता पुस्तकाची कथा ऐका. रिकेट्सने जॅक कॅल्विन या मित्राला बरोबर घेऊन पॅसिफिकच्या किनाऱ्यावर एक पुस्तक लिहायला घेतलं. त्या काळात अशा पुस्तकांची एक ठरलेली पद्धत होती. आधी सगळे स्पंज, मग सगळी समुद्रफुलं, मग सगळे किडे, मग खेकडे, असं वर्गीकरणाच्या क्रमाने जायचं. रिकेट्सने ते उलटंपालटं केलं. त्याने धडे पाडले ते राहण्याच्या जागेवरून: आडोशाचा खडकाळ किनारा, उघड्या समुद्राचा किनारा, खाडी आणि चिखल, धक्क्याचे खांब. तुम्ही जिथे उभे आहात ते पान उघडा, तिथे जे दिसतंय ते सगळं एकत्र सापडेल. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण हस्तलिखित स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाकडे गेलं, तेव्हा हॉपकिन्स मरिन स्टेशनच्या प्रमुखांना ही मांडणी पसंत पडली नाही. शिवाय लिहिणारा पदवी नसलेला, नमुने विकणारा माणूस. पुस्तक वर्षानुवर्षं रेंगाळलं.

ते रेंगाळणंच एका अर्थाने कामी आलं. २५ नोव्हेंबर १९३६ ला शेजारच्या कारखान्यात आग लागली आणि रिकेट्सची लॅब जळून खाक झाली. पुस्तकं, पत्रव्यवहार, टिपणं, नमुने, सगळं गेलं. मोठ्या पुस्तकाचं हस्तलिखित तेवढं वाचलं, कारण ते आधीच स्टॅनफर्डला जाऊन पडलं होतं! त्याच सुमाराला संसारही मोडला होता. बायको मुलांना घेऊन वेगळी झाली होती. चाळिशीला आलेल्या माणसाकडे जवळपास काहीच उरलं नव्हतं. १९३० पासूनचा जिवलग मित्र जॉन स्टाइनबेक तेव्हा पैशाने मदतीला आला आणि लॅब पुन्हा उभी राहिली. शेवटी १९३९ मध्ये 'बिट्वीन पॅसिफिक टाइड्स' बाहेर पडलं. ज्या पुस्तकाच्या मांडणीवर शंका घेतली गेली, ते पुढे त्या किनाऱ्यावर शिकणाऱ्या पिढ्यांचं पाठ्यपुस्तक झालं आणि १९८५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती निघाली.

पुस्तक आल्यावर माणूस जरा बसेल की नाही? पण हे दोघे मित्र लगेच नव्या कामाला लागले. उत्तर कॅलिफोर्नियाचं पाणी थंड. पॉइंट कन्सेप्शन नावाच्या टोकाच्या दक्षिणेला समुद्राचा स्वभाव बदलतो, पाणी कोमट होत जातं आणि प्राणीही बदलतात. त्याच्याही खाली मेक्सिकोत, मुख्य भूमी आणि बाहा कॅलिफोर्नियाचा लांब द्वीपकल्प यांच्यामध्ये एक चिंचोळा समुद्र आहे. कॅलिफोर्नियाचं आखात, जुनं नाव सी ऑफ कोर्टेझ. हा विलक्षण समुद्र आहे. उत्तरेकडच्या भागात हिवाळ्यात पाणी चांगलंच थंड होतं आणि उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास जातं. भरती-ओहोटीतला फरक उत्तर टोकाला सात मीटरपर्यंत जातो, म्हणजे दोन मजली इमारत. तिथे सारगॅसम जातीचं तपकिरी शेवाळ हिवाळ्यात वाढतं, वसंतात खडक झाकून टाकतं आणि उन्हाळ्याच्या तापात मरून जातं. थंड पाण्याचे पाहुणे आणि उष्ण कटिबंधातले जीव तिथे शेजारी शेजारी सापडतात. या किनाऱ्यावरच्या प्राण्यांची एकत्रित नोंद तोवर कोणी केलेली नव्हती.

११ मार्च १९४० ला 'वेस्टर्न फ्लायर' नावाची सार्डिन पकडायची बोट भाड्याने घेऊन मंडळी माँटेरेहून निघाली. टोनी बेरी हा कप्तान, तीन खलाशी, स्टाइनबेक, त्याची बायको कॅरल आणि रिकेट्स. साधारण सहा आठवडे आणि चार हजार मैलांचा प्रवास. केप सान लुकास, पुल्मोचं प्रवाळ, ला पाझ, कन्सेप्शन उपसागर, एंजल्स उपसागर, टिबुरॉन बेट, ग्वायमास, असं करत अख्ख्या आखाताला वळसा घातला. ओहोटीला उतरायचं, खडक उलटून बघायचे, गोळा करायचं, भरती आली की बोटीवर येऊन वर्गवारी, लेबल, नोंद. मेकॅनिकलवाल्यांसाठी खास सांगतो, त्यांच्या होडीला लावायची एक छोटी मोटर होती. पुस्तकात तिचं नाव 'सी-काउ' ठेवलंय. नेमक्या गरजेच्या वेळी ही बया बंद पडायची आणि गरज नसली की झकास चालायची. तिच्यावरची पानं वाचताना मला आपल्या वर्कशॉपमधलं एक लेथ आठवलं. कोणतं, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

या सफरीत पाचशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या कित्येक विज्ञानाला नवीन होत्या. पण नोंदी फक्त नावांच्या नव्हत्या. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, कोणत्या तळावर, किती दाट, बरोबर कोण, असं सगळं होतं. ग्वायमासजवळ त्यांनी जपानी कोळंबी जहाजांना समुद्राचा तळ खरवडून काढताना पाहिलं आणि हे असंच चालू राहिलं तर काही शिल्लक राहणार नाही, हेही लिहून ठेवलं. लक्षात घ्या, हे १९४० साल आहे. पर्यावरण हा विषय तेव्हा कोणाच्या सिलॅबसमध्ये नव्हता.

डिसेंबर १९४१ मध्ये 'सी ऑफ कोर्टेझ' हे पुस्तक दोघांच्या नावाने आलं. त्याच आठवड्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा समुद्री गोगलगायींवरचं पुस्तक घेणार कोण? प्रवासवर्णनाचा भाग मोठ्या प्रमाणात रिकेट्सच्या डायरीवर आधारलेला होता. पण १९५१ मध्ये तेवढाच भाग वेगळा काढून छापला, तेव्हा लेखक म्हणून एकट्या स्टाइनबेकचं नाव पुढे आलं आणि रिकेट्सची प्राण्यांची भली मोठी सूची गाळली गेली. रिकेट्स तेव्हा हयात नव्हता. स्टाइनबेकने त्याच पुस्तकात मित्रावर एक सुंदर लेख लिहिला हे खरं, पण जगाच्या लक्षात राहिला तो गमतीदार डॉक. शास्त्रज्ञ रिकेट्स मागे पडला. ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे दुःख काही आपल्याच कॉलेजचं नाही.

त्याच्या विचारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच पुस्तकात आहे. रिकेट्सचं म्हणणं थोडक्यात असं की आपण कुठलीही गोष्ट पाहताना ती कशासाठी आहे आणि कशी असायला हवी, हे आधी ठरवून टाकतो. त्यामुळे ती खरी कशी आहे हे दिसतच नाही. आधी 'आहे ते काय आहे' हे पाहा. कारण, दोष, उपाय नंतर. ऐकायला सोपं वाटतं. पण लॅबमध्ये थिअरीची व्हॅल्यू आधी काढून मग रीडिंग मागून भरायची पद्धत सगळ्या कॉलेजांत आहे की नाही, हे स्टाफने आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या मनाशी विचारावं. रिकेट्स नेमकं याच्या विरुद्ध होता. उत्तर चुकलं तरी चालेल, पण रीडिंग खरं हवं.

ही गोष्ट केवळ तत्त्वज्ञानाची नव्हती, हे सार्डिनच्या प्रकरणात दिसलं. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचा लांबचा भाऊबंद. १९४१-४२ च्या हंगामात माँटेरेला सुमारे अडीच लाख टन मासा उतरला. बराचसा तर माणसाच्या पोटात न जाता खत आणि कोंबड्यांचं खाद्य झाला. मग उतरण लागली आणि १९४७-४८ मध्ये आकडा वीस हजार टनांच्याही खाली आला. अख्खं शहर या माशावर जगत होतं. कोणी म्हणे मासा दुसरीकडे गेला, कोणी म्हणे पुढच्या वर्षी येईल. रिकेट्सने स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहून हिशेब मांडला. समुद्राचं तापमान, त्यावर अवलंबून असणारं सूक्ष्म प्लवकांचं पीक, त्यावर जगणारा मासा आणि वरून बोटींचा उपसा. निसर्गाचं वाईट वर्ष येणारच. पण चांगल्या वर्षांत सगळंच ओरबाडून घेतलं असेल तर वाईट वर्षात सावरायला काही उरत नाही. १९६९ मध्ये सांता बार्बराजवळच्या समुद्रतळाच्या गाळातले माशांचे खवले मोजले गेले, तेव्हा मासेमारी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून सार्डिनची संख्या वरखाली होत आली आहे हे सिद्ध झालं. म्हणजे निसर्गाचं चक्रही खरं आणि माणसाचा उपसाही खरा. दोन्ही एकत्र पाहायची रिकेट्सची रीत बरोबर होती. पण त्या वेळी ऐकतो कोण? कारखाने एकेक करून बंद पडले.

त्याच्या मनात तिसरं पुस्तक होतं. मेक्सिको झालं, कॅलिफोर्निया झालं, आता कॅनडाचा उत्तर किनारा. १९४५ आणि १९४६ मध्ये तो व्हँकुव्हर बेटाकडे जाऊन आला. १९४८ च्या उन्हाळ्यात स्टाइनबेकबरोबर पुन्हा जायचं ठरलं होतं. ८ मे १९४८ च्या संध्याकाळी लॅबपासून काही मिनिटांवरच्या रेल्वे क्रॉसिंगवर त्याच्या गाडीला एक्स्प्रेसची धडक बसली. ११ मे ला तो गेला. एक्कावन्नावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. तिसरं पुस्तक राहिलंच.

मग त्याचं काय शिल्लक राहिलं? मला वाटतं, नोंदी राहिल्या. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम गिली यांच्या नेतृत्वाखाली काही शास्त्रज्ञ १९४० च्या मार्गाने पुन्हा आखातात गेले. त्याच जागा, त्याच ओहोट्या. रिकेट्सला पावलोपावली दिसलेला वीसेक बाहूंचा सूर्यासारखा तारामासा १९७८ च्या उन्हाळ्यात, कोमट पाण्यात पसरलेल्या रोगाने मोठ्या प्रमाणावर मेला होता. मोठे शंख, तारामासे कमी आणि लहान झालेले दिसले. हे 'कमी' कशाच्या तुलनेत? रिकेट्सच्या नोंदींच्या. जुनं रीडिंग नसतं, तर आज जे दिसतं तेच पूर्वीपासून असणार असं सगळ्यांनी धरून चाललं असतं.

अशीच एक गोष्ट खुद्द माँटेरेजवळ घडली, आणि ती तर आपल्या वयाच्या मुलांची आहे. १९३१ ते ३३ मध्ये विलिस ह्यूअट या संशोधकाने हॉपकिन्स स्टेशनसमोरच्या खडकांवर पितळी बोल्ट ठोकून एक रेघ आखली आणि चौकोन पाडून प्राणी मोजले. साठ वर्षांनी स्टॅनफर्डच्या रेफ सॅगरिन आणि सारा गिलमन या दोन पदवीच्या विद्यार्थ्यांनी ते बोल्ट शोधून काढले आणि पुन्हा मोजणी केली. १९९५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निकाल आला. किनाऱ्यावरचं पाणी सरासरी पाऊण अंशाने तापलं होतं, दक्षिणेकडच्या कोमट पाण्यातल्या ९ जातींपैकी ८ वाढल्या होत्या आणि उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या ८ पैकी ५ घटल्या होत्या. म्हणजे कोमट समुद्राची सीमा हळूहळू वर सरकतेय हे खडकावरच्या गोगलगायींनी सांगितलं. कोणतंही महागडं उपकरण नाही. जुने बोल्ट, चौकोन आणि प्रामाणिक मोजणी.

बाकी स्मारकं म्हणाल तर तीही आहेत. अपघात झाला त्या जागेजवळ त्याचा पुतळा आहे. ज्या रस्त्यावर सार्डिनचे कारखाने होते, तिथे त्याच्या लॅबच्या शेजारी १९८४ पासून माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम हे प्रसिद्ध मत्स्यालय उभं आहे. 'वेस्टर्न फ्लायर' बोट तर दोनदा बुडून चिखलात पडली होती. तिची पूर्ण दुरुस्ती होऊन ती नोव्हेंबर २०२३ मध्ये माँटेरेला परत आली. आणि सुरुवातीला म्हटलेला तो रोबोट माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटचा आहे. केबलला जोडून पाण्याखाली सोडलेलं हे यान चार हजार मीटरवर कॅमेरे आणि यांत्रिक हात घेऊन फिरतं. त्याचं नाव 'डॉक रिकेट्स'. ते बनवणारे सगळे आपल्यासारखेच इंजिनिअर. बादली आणि गमबूट घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाचं नाव त्यांना द्यावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

मित्रहो, डिग्री सोडून द्या असं सांगायला मी हा लेख लिहिलेला नाही. घरचे आणि एच.ओ.डी. दोघेही मला सोडणार नाहीत! रिकेट्सने डिग्री घेतली नाही म्हणून तो मोठा झाला असं नाहीच. त्याने पंचवीस वर्षं पहाटे उठून जे दिसलं ते तारीख-वार लिहून ठेवलं, म्हणून त्याचं काम त्याच्यामागे उपयोगी पडलं. त्याच्या हयातीत त्या नोंदींना मोठी किंमत कोणी दिली नव्हती. आपल्या जर्नलमध्येही 'ऑब्झर्व्हेशन' नावाचा एक रकाना असतो. पुढच्या प्रॅक्टिकलला काटा जिथे थांबला, तिथलाच आकडा त्यात लिहा. सरांना पटला नाही, तर दोघं मिळून पुन्हा घ्या रीडिंग.